‘मला कुठे गाता येतं?’ : कॉयर, समूहगान आणि त्याबद्दलचे गैरसमज (अनुभव धागा)

कॉयरमध्ये ये, असं कुणाला म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. ‘माझा आवाज कुठे तेवढा’, ‘नोटेशन येत नाही’, ‘ते चर्चमध्ये असतं ना?’ आणि सगळ्यांचं लाडकं, ‘चाळीस जणांत गायचं म्हणजे सोपंच, कुणाला काय कळतंय!’

तुम्ही गाणारे असा, गाऊन घेणारे असा किंवा पेटी-कीबोर्डवर साथ करणारे. एखादा गैरसमज घ्या आणि तो नेमका कुठे चुकतो, प्रत्यक्षात काय करावं लागतं ते लिहा. ‘मी गाण्याकडे कसा वळलो’ यासाठी वेगळा धागा काढू. इथे कामाचं येऊ द्या.

चर्चचा मुद्दा मीच उरकून टाकते. चार आवाजांत (बायकांचे वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो, पुरुषांचे वरचा टेनर आणि खालचा बास) गाण्याची रीत आपल्याकडे चर्चमधून आली हे खरं. पण मुंबईचा परंज्योती अकॅडमी कोरस १९५६ पासून मैफलीच्या मंचावर गात आला, सलील चौधरींनी मुंबईतच बॉम्बे यूथ कॉयर उभा केला, आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी समूहगीतं गावोगाव नेली. यांतल्या कुठल्याही दारावर धर्म विचारला जात नव्हता.

मधली रांग

‘मला सूरच नाही’ हे घेतो. खरोखर स्वरच न ओळखणारी माणसं फार थोडी असतात. नेहमीची भानगड सप्तकाची असते. शिकवणाऱ्या बाई स्वतःच्या आवाजात स्वर देतात. पुरुषाने तो एक सप्तक खाली घ्यायचा असतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून तो त्याच उंचीवर जाऊ बघतो, पोचत नाही, आणि मध्येच कुठेतरी लटकतो. लोक म्हणतात, बेसूर.

उपाय उलट्या बाजूने करायचा. त्याला स्वर द्यायचा नाही, त्याच्याकडून घ्यायचा. सहज ‘हं’ म्हणायला लावा, तो स्वर पेटीवर शोधा आणि बाकी सगळ्यांनी तोच धरा. दोन आवाज जुळत आले की त्यांच्यातली थरथर मंदावते आणि मग थांबते. ती थांबलेली एकदा कानाला कळली की निम्मं काम झालं. मग तिथून अर्धा अर्धा स्वर वर आणि खाली. नवा स्वर उडी मारून पकडायला लावू नका. खालून ‘ऊऽ’ करत भोंग्यासारखं चढवत न्या. रोज दहा मिनिटं, महिनाभर. तालमीत अशा माणसाला दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये उभं करा, कडेला नको.

‘तू नुसतं तोंड हलव’ हा शाळांमधला सल्ला मात्र कायमचा बंद करा. तसं उभं राहून कुणी सुरात आलेलं नाही.

पेन्सिलवाली

आवाजाची चाचणी म्हणजे स्पर्धा नव्हे. बरेच कॉयर चाचणी घेतात ती तुम्हाला कुठे उभं करायचं हे ठरवायला. साधारण चार गोष्टी बघतात. एक, सरगम वर-खाली गाऊन घेऊन तुमचा आवाज कुठून कुठवर सहज जातो. दोन, चार-पाच स्वरांचा तुकडा एकदा ऐकून परत गाता येतो का. तीन, शेजारी कुणी वेगळा स्वर लावला तर तुमचा टिकतो का. चार, दर आठवड्याला येणार का. चौथ्याला हसू नका, नापास होणारे बहुतेक तिथेच होतात.

म्हणून चाचणीला तानांचं गाणं नेऊ नका. राष्ट्रगीत किंवा साधी प्रार्थना, तुमच्या पट्टीत, स्वच्छ. पुरेसं आहे.

काळी पाच

‘एक पट्टी धरली की सगळे गातील.’ नाही गात. एकट्याने गाताना पुरुष साधारण काळी एक-दोन घेतात (म्हणजे पेटीवरची पहिली-दुसरी काळी पट्टी सा धरतात), बायका काळी चार-पाच. म्हणजे बायकांचा सा पुरुषांच्या पंचम-धैवताच्या आसपास येतो. सगळ्यांना काळी एक दिली तर बायकांनी एक सप्तक वर गायचं. तार (वरच्या सप्तकातला) गंधार आला की किंचाळ्या. काळी पाच दिली आणि पुरुष एक सप्तक खाली गेले, तर मध्य सा ते तार मध्यम एवढ्यात बसणारं गाणं दोघांनाही छान जातं. पण तेच गाणं मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला उतरलं की पुरुषांची नुसती हवा ऐकू येते.

त्यामुळे आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर कागदावर लिहा, पट्टी नंतर ठरवा. पसारा दीड सप्तकाहून जास्त असेल तर पट्टी शोधत बसू नका. ओळी वाटून द्या: खालच्या पुरुषांना, वरच्या बायकांना, ध्रुवपद सगळ्यांना.

खालची ओळ

‘सोप्रानो जमत नाही त्या आल्टो.’ या वाक्याने फार नुकसान केलं आहे. सोप्रानोला बहुतेक वेळा चाल मिळते, आणि चाल सगळ्यांच्या कानात असते. आल्टोची ओळ कित्येकदा तीन-चार स्वरांतच घुटमळते. एकटी गायली तर तिला गाणं म्हणायची इच्छा होणार नाही. शेजारी चाल चालू असताना ती धरून ठेवणं, हीच खरी परीक्षा.

तयारी अशी करा. स्वतःची ओळ आधी शब्दांशिवाय ‘नू’ वर पाठ करा. मग फोनवर चाल लावून तिच्यावर स्वतःची ओळ गा. आवाज आधी बारीक ठेवा, दर वेळी थोडा वाढवा. ज्या जागी चाल ओढून नेते तिथे पेन्सिलने खूण करा. ती जागा बहुधा एकच असते: दोघींचे स्वर एकमेकींच्या अगदी जवळ येतात किंवा ओळी एकमेकींना छेदतात तिथली. कान बोटाने बंद करून ओळ वाचवू नका. ती पळवाट आहे, मंचावर करता येत नाही.

दोन तंबोरे

शास्त्रीय शिकलेल्यांना वाटतं की आपल्याला हे आपोआप येईल. अर्धं येतं. सूर धरणं आणि ताल यांत ते पुढे असतात. अडतात ते स्वराच्या सुरुवातीला. खालून मींडेने, म्हणजे घसरत, स्वर घेण्याची सवय असते. एकाने घेतला तर गोड, आठ जणांनी आपापल्या वेगाने घेतला तर चिखल. खटका, मुरकी, हरकत, सगळं तेच. एक तर संचालकाने ती जागा सरगमीत लिहून द्यावी आणि सगळ्यांनी तशीच घ्यावी, नाहीतर कुणीच घेऊ नये.

भजनी मंडळातून येणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, यात ते पटाईत असतात, लय तर कधी सोडत नाहीत. पण उचलताना जो निमिषभर उशीर भजनात शोभतो तो कॉयरमध्ये चालत नाही. स्वर मात्रेवरच यायला हवा, म्हणजे श्वास त्याच्या आधीच्या मात्रेवर घेऊन ठेवायला हवा.

सासष्टीकर

नोटेशनबद्दल. वाचता येत नसेल तरी सुरुवात करता येते. अनेक गट ओळी ध्वनिमुद्रित करून देतात. पण दोन-तीन महिन्यांत निदान स्वर वर जातोय की खाली, आणि किती मात्रा टिकतोय, एवढं कागदावर दिसायला लागलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक तालमीत पंधरा मिनिटं तुम्हाला ओळ भरवण्यात जातात.

गोव्यातले आणि महाराष्ट्रातले एकत्र गातात तेव्हा एक गोंधळ हमखास होतो. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज वळणाचं सोल्फेज (दो-रे-मी म्हणत स्वर गाणं) शिकवलं गेलं. त्यात ‘दो’ पक्का, म्हणजे नेहमी पांढरी एक. आपला ‘सा’ फिरता, जिथे ठेवाल तिथे. त्यामुळे एकजण ‘सोल’ म्हणतो तेव्हा दुसरा ‘पंचम’ ऐकतो, आणि गाणं पांढरी एकमध्ये नसेल तर दोघे वेगळाच स्वर लावतात. पहिल्या दिवशीच कुठली भाषा वापरायची ते ठरवा.

दोन आवाजांत गायला शिकायचं तर मांडो या गोव्यातल्या कोकणी गीतप्रकारापासून करावं. दुसरा आवाज बराच वेळ पहिल्याला समांतर, सा-ग एवढ्या अंतराने चालतो; कानाला धरायला सोपा आणि लय संथ.

भिंतीकडचा बास

‘जास्त माणसं म्हणजे जास्त आवाज.’ वीस जणांचे चाळीस केले तर वाढ होते सुमारे तीन डेसिबलची. कानाला ती जेमतेम जाणवते. म्हणजे माणसं वाढवून मोठेपणा येत नाही. स्वर आणि शब्द जुळले की येतो. आणि शेजारच्याचा आवाज तुम्हाला ऐकूच येत नसेल तर तुम्ही मोठ्याने गाताय. हे सोपं मोजमाप आहे.

दुसरं, ‘ऐकून गा’ हा सल्ला सुरासाठी बरोबर, लयीसाठी चूक. दहा मीटरवरचा आवाज तुमच्यापर्यंत यायला सुमारे ०.०३ सेकंद लागतात. मागच्या रांगेने पुढच्या रांगेचं ऐकून सुरुवात केली की सगळे ‘क’ आणि ‘ट’ दोनदा ऐकू येतात. सूर कानाने, लय डोळ्याने. संचालकाचा हात बघा.

लांब ओळीत श्वास वाटून घ्यायचा असतो. शेजारी घेईल तिथे आपण घ्यायचा नाही. शब्दाच्या शेवटी सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो, म्हणून तिथेही नाही. लांब स्वराच्या मध्यात आवाज बारीक करत बाहेर पडा, श्वास घ्या, बारीकच आत या. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

पेटी बंद

साथीशिवाय गाताना गाणं उतरतं. त्याचं खापर नेहमी बासवर फुटतं (वरच्या ‘भिंतीकडचा बास’ मित्राने मनावर घेऊ नये). खरी कारणं बघा. उतरताना पायऱ्या जरा मोठ्या पडतात, चढताना लहान. एकच स्वर पाच-सहा वेळा आला की प्रत्येक वेळी केसभर खाली जातो. ओळीच्या शेवटी श्वास संपतो. आणि तालीम संध्याकाळची असते, माणसं दमलेली असतात.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी पेटीवर सा तपासा. कुठल्या कडव्यात उतरलं ते कळलं की कुठल्या ओळीत तेही सापडतं. उतरताना ‘लहान पावलं’, तेच ते स्वर आले की ‘दर वेळी नवा’ एवढं सांगितलं तरी फरक पडतो. पण अख्खा वेळ पेटीशी जुळवत बसू नका. पेटीतला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. चांगला जुळलेला गट गंधार आपोआप थोडा खाली ठेवतो आणि पेटीवाला म्हणतो, ‘उतरलात.’ तिथे गट बरोबर असतो.

च चमच्यातला

मराठी गाताना शब्द सगळ्यांना येतातच, त्यांची काय तालीम करायची, असं वाटतं. तीन जागा आधी ठरवा. ‘घर’ म्हणायचं की ‘घरऽ’. गाताना शेवटचा अ अर्धे जण लावतात, अर्धे नाही. दुसरी, ‘च’, ‘ज’, ‘झ’ चे दोन उच्चार. ‘चांदणं’ गाताना गटात दोन्ही च ऐकू आले की ओळ फाटते. तिसरी, शेवटचा श किंवा स. तीस जणांचा ‘आकाश’ म्हणजे कुकरची शिट्टी. श कुठल्या मात्रेवर लावायचा ते लिहून ठेवा, आणि तो दोघा-तिघांनीच लावा, बाकीच्यांनी ‘आका’ वर थांबा. प्रेक्षकांना ‘आकाश’च ऐकू येतं.

ज्येष्ठमध

थोडक्यात. पाणी, मध, आलं यांतलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही. तो रस्ता श्वासाचा, खाण्याचा वेगळा. घशाला बरं वाटतं इतकंच. पाणी दिवसभर प्यावं, मंचावर जाताना घोट घेऊन उपयोग नाही. आवाज बसला तर जोर लावून कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. तीन आठवड्यांवर घोगरा राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे.

ऱ्हाइनकाठ

युरोपात जुन्या संगीताच्या कॉयरमध्ये जाणाऱ्यांसाठी: तिथे बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या) वाद्यांबरोबर गाताना ए हा स्वर बहुधा ४१५ हर्ट्झवर असतो, नेहमीच्या ४४० वर नाही. म्हणजे सगळंच अर्धा स्वर खाली. काळी-पांढरी कानात घट्ट बसलेल्यांना कागद आणि आवाज जुळत नाहीसे वाटतात. कागदाकडे पट्टी म्हणून बघू नका, अंतरं बघा. आपल्या फिरत्या सा ची सवय इथे कामाला येते.

पेन्सिलवाली

‘टेनर मिळत नाहीत, काय करू?’ असं एकांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय, इथेच लिहिते. बासमध्ये उभ्या असलेल्यांना एकेक करून वर तपासा. कित्येक जण नुसते खाली बोलतात म्हणून तिथे असतात. तरी कमी पडले तर खालच्या दोन-तीन आल्टोंना टेनरची ओळ द्या. टेनरची ओळ कागदावर बायकांच्या ओळींसारखी (ट्रेबल क्लेफमध्ये) लिहिलेली असेल तर ती त्यापेक्षा एक सप्तक खाली गायची असते, हे त्यांना आधी सांगा. आणि तीनच टेनर असतील तर कडेला टांगू नका, मध्ये, पुढच्या रांगेत उभे करा.