शब्दचर्चा : बीअर ‘कडू’ म्हणजे नक्की कशी?

प्रश्न

चार मित्र जमले, पाच-सहा प्रकारच्या बीअर शेजारी शेजारी ओतून ठेवल्या आणि चाखायला सुरुवात केली, की थोड्याच वेळात आमचे शब्द संपतात. सोनेरी पिल्सनर कडू, आयपीए (इंडिया पेल एल) कडू, काळी स्टाउटही कडू. चवी तर एकमेकींपासून कोसभर लांब! मग ज्याला आयपीए आवडत नाही तो स्टाउटलाही हात लावत नाही, कारण दोन्हींचं वर्णन त्याने एकाच शब्दात ऐकलेलं असतं. या वेगवेगळ्या कडूंना आपल्याकडे वेगळे शब्द आहेत का? आणि ‘स्ट्राँग’, ‘फ्लॅट’, ‘बॉडी’ यांना तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १

आहेत, आणि सगळे घरातलेच आहेत. फक्त आपण ते जेवणापुरते ठेवतो, पेल्यापर्यंत आणत नाही.

‘कडू’ हा शब्द मी हॉप्ससाठी, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांसाठी, राखून ठेवते. हॉप्सच्या फुलांमधली आल्फा आम्लं उकळताना आयसो-आल्फा आम्लांत बदलतात आणि त्यातून बीअरचा मूळ कडूपणा येतो. तो मोजायला आयबीयू हे एकक आहे; एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-आल्फा आम्ल. पण हा आकडा जिभेला जसाच्या तसा कळत नाही. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा भरपूर असेल तर 40 आयबीयूची बीअरही सौम्य लागते, आणि गोडवा कमी असेल तर त्याहून कमी आकड्याची बीअर टोचते. म्हणून आयपीएला मी सरळ ‘कडू’ म्हणते आणि पिल्सनरला ‘कडवट’. 1842 साली बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) प्लझेन गावात योझेफ ग्रोल याने जी पहिली सोनेरी पिल्सनर बनवली, त्या घराण्यातली बीअर आधी हलकी गोडसर लागते आणि घोट गेल्यावर मागे कडवटपणा उरतो. तो रेंगाळतो, पण अंगावर येत नाही. ‘कडवट’मध्ये ही छटा नेमकी बसते.

स्टाउटचं वेगळं. तिथला बराचसा कडूपणा भाजण्यातून येतो. सातू जवळजवळ काळा होईपर्यंत भाजतात. डॅनियल व्हीलर याने 1817 मध्ये त्यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि पोर्टर (स्टाउटच्याच कुळातली गडद बीअर) आणि स्टाउट यांचा रंग आणि चव दोन्ही बदलली. या चवीला माझा शब्द ‘करपट’.

चौथा शब्द ‘तुरट’. तुरटपणा हा खरं तर स्पर्श आहे : कच्चं केळं चावल्यावर तोंड ओढतं, तसं. दाण्याच्या सालीतलं टॅनिन उतरलं की तो येतो. माल्ट फार गरम पाण्याने धुतलं तर जास्तच. कडू आणि तुरट यांची गल्लत सगळ्यांत जास्त होते. ओळखायची खूण सांगते : घोट गिळून जीभ टाळूला लावा. खरखरीत, कोरडी लागली तर तुरट.

प्रतिसाद २

‘करपट’ला माझा विरोध आहे. स्वयंपाकघरात करपट म्हणजे बिघडलेलं. पातेलं खाली लागलं की आपण तो शब्द काढतो. चांगल्या स्टाउटमध्ये कॉफीचा, कडू चॉकलेटचा वास येतो, त्याला ‘खरपूस’ म्हणा. भाजणं जमलं ते खरपूस, हाताबाहेर गेलं ते करपट. एकाच टेबलावर दोन स्टाउट ठेवल्या तर हा फरक लगेच कळतो, आणि दोघींना एकच शब्द वापरणं चांगल्या स्टाउटवर अन्याय आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मान्य. ‘खरपूस’ फार चांगला आहे, यापुढे मीही तोच वापरेन. ‘करपट’ दोषासाठी ठेवू.

प्रतिसाद ३

‘स्ट्राँग’बद्दल. हा शब्द चाखताना बंदच करावा, इतका गोंधळ त्याने घातला आहे. कुणी रंग गडद म्हणून स्ट्राँग म्हणतं, कुणी कडू म्हणून, कुणी अल्कोहोल जास्त म्हणून. काळीकुट्ट आयरिश ड्राय स्टाउट साधारण 4.2 टक्क्यांची असते आणि तिच्या शेजारची फिकट लागर (पिल्सनर याच जातीची) बहुतेक वेळा 5 टक्क्यांची. गोंधळ जुनाच आहे म्हणा. ‘स्टाउट’ शब्दाचाही इंग्रजीत आधीचा अर्थ ‘दमदार बीअर’ असाच होता, रंगाशी त्याचा संबंध नव्हता. अल्कोहोलसाठी मी ‘कडक’ म्हणतो, रंगासाठी ‘गडद’, चवीसाठी ‘उग्र’.

‘फ्लॅट’ला ‘सपाट’ नको, कानाला खटकतं. सरळ ‘गॅस गेलेली’. चव पातळ असेल तर ‘पाणचट’, आणि सगळं असूनही कशाचाच ठसका नसेल तर ‘मिळमिळीत’. ‘बॉडी’ला ‘दाटपणा’ चालतो, पण पूर्ण नाही. नायट्रोजन वायूच्या दाबाने ओतलेली स्टाउट तोंडात मऊ, सायीसारखी वाटते, प्रत्यक्षात ती दाट नसते. तिथे मी ‘भरीव’ म्हणतो. याहून चांगला शब्द कुणाकडे असेल तर हवाच आहे.

प्रतिसाद ४

वासाचे शब्द राहिले. जर्मन गव्हाच्या बीअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं त्यात काहीतरी घातलंय. काही घातलेलं नसतं, तो यीस्टने तयार केलेला असतो. त्याला ‘फळाळ’ वगैरे नवे शब्द कशाला? ‘पिकल्या केळ्याचा वास’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

दोषांसाठी तर मराठीत सोय उत्तम आहे. जुनी झालेली, हवा लागलेली बीअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते : ‘कुबट’. डायअॅसिटिल (आंबताना तयार होणारं एक रसायन) जास्त झालं की लोण्याचा वास आणि जिभेवर ‘ओशट’पणा. उन्हात राहिलेल्या बाटलीतले हॉप्सचे घटक प्रकाशाने फुटतात आणि गंधकाचा ‘दर्प’ सुटतो. तपकिरी काच त्यासाठीच वापरतात.

आणि ‘आंबट’-‘आंबूस’ कृपया वेगळे ठेवा. ब्रसेल्सच्या आसपासची लँबिक ही बीअर हवेतल्या रानटी यीस्टने आणि जिवाणूंनी आंबवतात. ती मुद्दाम, नीट ‘आंबट’ केलेली असते. ‘आंबूस’ म्हणजे आंबट व्हायला नको होती तरी झालेली. लँबिकला आंबूस म्हटलं की पेला तिथेच बाजूला सरकवला जातो.

एक मात्र बघा : हे सगळे शब्द फ्रीजमधून काढल्या काढल्या चाखलेल्या बीअरला लावू नका. फार थंडीने जीभ बधिर होते, आणि वासही वर येत नाही. लागर 4 ते 7 अंशांवर ठीक, स्टाउटला 8 ते 12 पर्यंत येऊ द्या. फिकटकडून गडदकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे जा. आयपीए आधी घेतली, तर नंतरची पिल्सनर कितीही चांगली असली तरी ‘पाणचट’च ठरेल.