मदत हवी आहे: मोटरहोमची मागची बॅटरी पहाटे तीनला उतरते (वर्धा-लोणार-अकोट-चिखलदरा)

सातपुडी

कोजागिरी आटोपली की आम्ही दोघं आणि एक मित्रजोडपं सहा दिवसांसाठी निघतोय. वर्ध्याहून समृद्धीवर चढायचं, मेहकरला उतरून लोणारला दोन रात्री, मग अकोला, अकोटच्या अलीकडे नातेवाइकांच्या वावरात एक मुक्काम आणि शेवटी परतवाड्यावरून चिखलदरा. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली आहे, बीएस-६ डिझेल.

मागे १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे शिशाची बॅटरी, वय तीन वर्षं. पुढच्या, इंजिनच्या बॅटरीवरून ती रिलेनं (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) भरते. रिले १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला सोडतो. वायर १० चौरस मिमी, एका बाजूनं सहा मीटर. छतावर १६० वॅटचं सोलर. संध्याकाळी सातपासूनचा भार असा: १२ व्होल्टचा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, छतातले दोन पंखे (प्रत्येकी २५ वॅट), एलईडी दिवे, पाण्याचा पंप, आणि इन्व्हर्टरवरून चौघांचे मोबाइल. पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडायला लागतो. चार तास गाडी चालवली तरी थोड्या विसाव्यानंतर मागच्या बॅटरीवर १२.४ च्या वर व्होल्टेज दिसत नाही.

गाडी बांधणारा म्हणतो, आणखी एक १५० एएच टाका. टाकावी का? शिवाय वावरात मोटरपंपाच्या पेटीतून लाइन घेतली तर चालेल का?

तारवाला

टाकू नका. आहे तीच भरत नाही, दुसरी कुठून भरणार? उलट पन्नासेक किलो वजन तेवढं वाढेल.

आधी हिशोब. फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि निम्मा वेळ चालतो असं धरलं, तर रात्रीच्या दहा तासांत २२५ वॅट-तास. पंखे नऊ तास, ४५०. दिवे-पंप-मोबाइल १००. आणि कुणी धरत नाही तो खर्च म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. नुसता चालू ठेवला तरी वीसेक वॅट खातो, म्हणजे २००. एकूण ९७५. तुमच्या बॅटरीत नवी असताना १८०० वॅट-तास, आणि ट्यूब्युलर निम्म्याखाली नेऊ नये म्हणून वापरायचे ९००. १२.४ म्हणजे साधारण ७५ टक्के भरलेली. तिथून सुरुवात केली तर तीन वाजता ओरडणारच.

आता भरत का नाही ते. इंजिन सुरू करून पुढच्या बॅटरीवर मीटर लावा. सुरू केल्याबरोबर, मग अर्ध्या तासानं. दोन्ही आकडे इथे टाका. रिलेचा टकटक आवाजही ऐका.

सातपुडी

पाहिलं. सुरुवातीला १४.३, अर्ध्या तासानं १२.९ ते १३.०, दिवे लावले की १२.७. रिले आधी नीट धरून होता, नंतर अधूनमधून सुटतो. मागच्या बॅटरीवर त्या वेळी १२.७.

तारवाला

मग दोष बॅटरीचा नाही. बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) येतो. पुढची बॅटरी भरली की डिझेल वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो. रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, तो सोडून देतो. धरून असला तरी १२.९ वर शिशाची बॅटरी भरत नसते, तिला १४.४ च्या आसपास हवं. त्यात वायर बारीक. १० चौरस मिमीमधून ३० अँपिअर, जाऊन-येऊन बारा मीटर, म्हणजे ०.६६ व्होल्ट वाटेतच गेले. १६ ची वायर घातली तर ०.४१, २५ ची घातली तर ०.२६.

रिले काढून त्या जागी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा. पुढून १२.५ आले तरी तो मागे १४.४ देतो. बसवताना तो मागच्या बॅटरीजवळ ठेवा, पुढे बॉनेटखाली नाही. वायर १६ चौरस मिमी. फ्यूज दोन, दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. एकच लावतात आणि मागून शॉर्ट झालं की वायर जळते. चार्जरला इग्निशनची वायर द्या, नाहीतर गाडी उभी असतानाही तो पुढची बॅटरी उपसत राहील. पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर छोटा सेन्सर असेल, तर निगेटिव्ह त्या टोकावर न जोडता चासीवर रंग खरवडून घट्ट बोल्टनं घ्या. सेन्सरला चकवलं की गाडीचं कॉम्प्युटर बॅटरीचा अंदाज चुकवतं. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) पकडीनं चेपू नका, क्रिम्पिंग टूल वापरा. सैल लग गरम होतो आणि सगळा खर्च तिथेच वाया जातो.

३० अँपिअर म्हणजे तासाला सुमारे ४०० वॅट-तास. तीन-साडेतीन तास चाललात तर रात्रीचा खर्च जवळपास निघतो. शेवटचे १५-२० टक्के भरायला शिशाच्या बॅटरीला फार वेळ लागतो, ते सोलरवर सोडा. पॅनल पुसा मात्र, समृद्धीची धूळ दोन दिवसांत थर धरते.

आणि आजपासून फुकटात होणारं: इन्व्हर्टर बंद, मोबाइल १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर. २०० वॅट-तास इथेच वाचले.

पऱ्हाटी

लिथियम टाकायचा विचार असेल तर तोही डीसी-डीसीमधूनच भरा. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, थेट जोडली तर अल्टरनेटर तापतो. १०० एएच लिथियममध्ये १२८० वॅट-तास, बहुतेक सगळे वापरता येतात, आणि वजन बारा किलोच्या आसपास. चिखलदऱ्याच्या घाटात हा फरक कळतो.

वावरवाला

ताई, मोटरच्या पेटीतून लाइन अजिबात घेऊ नका. तिथं तीन फेज राह्यतात, न्यूट्रल बहुतेक नसतेच. चुकून दोन फेजांत पिन टोचली का ४१५ व्होल्ट, चार्जर-फ्रिज सगळं जाते. नातेवाइकाच्या घरून सिंगल फेज घ्या, १६ अँपिअरच्या बोर्डातून. अडीच चौरस मिमीची तीन तारांची केबल, पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवली का तापते. मीटर लावून पाहजा: फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. वीस-तीस दाखवलं तर तो बोर्ड सोडून द्या. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पाह्यजेच, पण अर्थ नसलेल्या बोर्डावर त्याच्या भरवशावर राहू नका. हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटरा लागल्या का व्होल्टेज १७० वर येते. चार्जर चालेल, एसी चालणार नाही.

दुसरं महत्त्वाचं, कुटार, म्हणजे मळणीनंतरचा वाळला भुसा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी-मळणी चालू राह्यते, रस्त्यावर पीक वाळत पडलेलं, धुऱ्यावर कुटाराचे ढीग. बीएस-६ गाडीची डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) ती काजळी जाळून स्वतःला साफ करते तेव्हा आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता होते. अशा वेळी कुटारावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर बुडाखालून पेट घेते. डीपीएफचा दिवा लागला असेल तर डांबरी रस्त्यावर अर्धा तास चालवून ती सफाई संपू द्या, मग वावरात शिरा. रस्त्यावरच्या कुटारावरून जावं लागलं तर पुढं थांबून खाली वाका, सायलेन्सरभोवती गुंडाळलेलं काठीनं काढा. हातानं नका, गरम राह्यते.

काळ्या रानात उभी करायची नाही. वरून कोरडं दिसते, परतीच्या पावसानं खाली लोणी झालेलं. टाच दाबून पाहजा, बोटभर रुतली का तिथं चार टनांची गाडी नको. मुरमाची जागा विचारजा, खळ्याची जागा सगळ्यात चांगली. रुतलीच तर रेस देऊ नका, चाक खड्डा खोदते. मागच्या चाकापुढली माती उकरून फळी घाला, नाहीतर सरळ ट्रॅक्टर बोलवा. दोर पुढच्या टो हुकलाच बांधा, बंपरला नाही.

घाटवळण

पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. अकोला-अकोट हा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं. टाकी लोणार सोडायच्या आधी भरा, पिण्यासाठी वेगळा २० लिटरचा जार. खारं पाणी टाकीत घेतलं तर पंपाच्या जाळीवर क्षार बसतात. पण परतवाड्याला टाकी निम्मी करा. १०० लिटर म्हणजे १०० किलो, घाट चढताना कशाला वाहायचे? उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वर रात्री गार असतं, पंखे लागणारही नाहीत.

लोणार आणि चिखलदऱ्याला एमटीडीसीचे रिसॉर्ट आहेत. आवारात गाडी उभी करून १६ अँपिअरचा पॉइंट मिळेल का, हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवा.

सातपुडी

चार्जर मागवला. एक शंका राहिली: जुनी १० ची वायर काढायला सगळं फ्लोअरिंग उचकटावं लागतंय. तिलाच समांतर आणखी एक १० ची ओढली तर?

तारवाला

चालेल, दोन मिळून २० झाल्या. लांबी सारखी ठेवा, दोन्ही टोकांना एकाच बोल्टवर घ्या, आणि निगेटिव्हही तसाच दुहेरी करा. प्रत्येक वायरला स्वतःचा ४० चा फ्यूज, दोन्ही टोकांना. दोघींना मिळून एकच मोठा लावला तर एक सुटल्यावर दुसरीला कुणी वाचवत नाही.