संलग्न कॉलेजात खुलं पाठ्यपुस्तक: विभागाला कसं पटवायचं?

घोडबंदर_गणित
ठाण्यातलं मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, एफवायबीएस्सी, कॅल्क्युलसचा पेपर. मुलं गाइडवर भागवतात, लायब्ररीत संदर्भपुस्तकांच्या मोजक्याच प्रती. ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलस, म्हणजे खुल्या लायसन्सचं मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तक, लावावं असं मनात आहे. विभागप्रमुख मॅडमचे आक्षेप तीन: सिलॅबस आपल्या हातात नाही, फुकटच्या पुस्तकाचा दर्जा काय, आणि झेरॉक्स मिळतेच की. सुरुवात कुठून करू?

वाशी_मास्तर
पहिला आक्षेप अर्धाच खरा. सिलॅबस अभ्यासमंडळ ठरवतं, पण तो कशावरून शिकवायचा हे शिक्षकावर असतं. म्हणून 'पुस्तक बदलू या' हा शब्दच काढू नका. 'पूरक वाचन' म्हणून एका युनिटपुरता ठराव मांडा आणि विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात तेवढी ओळ येऊ द्या.

बैठकीला जाताना तक्ता हवा: सिलॅबसमधला मुद्दा, पुस्तकातला विभाग, काय कमी पडतं, ते कुठून भरायचं. उदाहरणार्थ, एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) खंड १ मधल्या २.५ मध्ये आहे, मीन व्हॅल्यू थिअरम ४.४ मध्ये, सिक्वेन्स थेट खंड २ च्या पाचव्या प्रकरणात. लीस्ट अपर बाउंड मात्र आपल्याला लागतं तितक्या काटेकोरपणे तिथे नाही. त्यासाठी यिरी लेबल यांच्या 'बेसिक अॅनालिसिस'चं पहिलं प्रकरण घ्या. उणीव तुम्हीच दाखवलीत की दर्जाचा वाद निम्मा मिटतो. उरलेल्यासाठी २.५ ची प्रिंट मॅडमच्या हातात द्या, भाषण नको.

ऐरोली_ग्रंथालय
झेरॉक्सबद्दल. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठीच्या प्रती कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसवल्या, हे खरं. पण त्याने पुस्तकात फेरफार करून ते कॉलेजच्या वेबसाइटवर सगळ्या जगासाठी टाकायचा हक्क मिळत नाही. खुल्या लायसन्सने मिळतो. फरक तिथे आहे.

मात्र लायसन्स वाचून घ्या, लोक इथेच अडकतात. ओपनस्टॅक्स कॅल्क्युलस आहे सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय-एनसी-एसए: 'बाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, 'एसए' म्हणजे बदललेलं त्याच लायसन्सखाली वाटा. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल (सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ) सीसी बाय-एसए. दोन्हींत 'एसए' असलं तरी त्यांचा मजकूर कालवून एकच नोट्स काढता येत नाहीत, कारण दोघांनाही आपलंच लायसन्स पुढे हवं असतं. दोन्ही फाइली वेगळ्या ठेवून लिंक द्या. लेबलचं पुस्तक दोन्ही लायसन्सखाली आहे, त्यामुळे ते या दोन्हींपैकी कशाशीही जुळतं. आणि 'एनडी' (बदल करायला मनाई) दिसलं की संपादनाचा विचार सोडा. जसंच्या तसं वाटा.

कळवा_स्लो
अख्खी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकू नका, कोणी उघडत नाही. प्रकरणागणिक तोडा, पहिल्या पानावर मूळ लेखक, लायसन्स आणि काय बदललं ते लिहा. दिवा-बदलापूरची मुलं लोकलमध्ये वाचतात, तिथे रेंज जाते. ऑफलाइन फाइल हवीच.

दुसरं म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याच विभागांना जोडा. हे केलं नाही तर मुलं पुन्हा गाइडकडेच वळणार, आणि त्यांचं चूक नाही. पुस्तकात उत्तरं फक्त विषम क्रमांकांची आहेत. इंटर्नलला सम क्रमांकांची गणितं आकडे बदलून द्या.

घोडबंदर_गणित
तक्त्याला लागतो. प्रॅक्टिकलसाठी मराठीत काही?

ऐरोली_ग्रंथालय
स्पोकन ट्युटोरियलचे पायथन, सायलॅब (गणिती आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर) यांचे व्हिडिओ पाहा. बऱ्याच भागांना मराठी आवाज आहे, पण सगळ्यांना नाही. यादीत भाषा निवडून आधी तपासा.