कादंबरीतून वरच्या पातळीचं फ्रेंच : गटाने वाचावी, की तो वेळ परीक्षेला द्यावा?

धरमपेठकर (धागाकर्ता)

डेल्फ बी-टू (फ्रेंचची वरच्या मध्यम पातळीची परीक्षा) झालेल्या, किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या पाच जणांनी मिळून एक फ्रेंच कादंबरी वाचावी आणि तिच्यातून शब्द वेचावेत, असे गट नागपुरात व्हायला हवेत असं माझं ठाम मत आहे. बी-टूनंतर मुलं शब्दयाद्या घोकायला लागतात. यादीतला शब्द एकटा असतो. त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद चालतं, तो बोलण्यातला की लिहिण्यातला, हे यादी सांगत नाही. किंकाळी मराठीत फोडतात, फ्रेंचमध्ये ती 'ढकलतात' : पूसे अँ क्री. नजर मात्र दोन्हीकडे टाकतातच : झते अँ कू-दय. अशा जोड्या वाक्यातच भेटतात.

पुस्तक म्हणून ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' सुचवतो. प्रकरणं ३७, मूळ फ्रेंच संहिता हक्कमुक्त असल्याने गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट. आपल्याला आणखी एक फायदा आहे. कथा १८७२ची, आणि नायक फिलियास फॉगची गाडी मुंबईहून बुऱ्हाणपूरवरून अलाहाबादकडे जाते. नागपूरला रेल्वे १८६७लाच आली होती, पण इथून थेट हावड्याला जाणारा मार्ग तेव्हा नव्हता. प्रदेश डोळ्यांसमोर असला की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधून मग तपासलेला शब्द जास्त टिकतो.

आठवड्याला एक प्रकरण घ्यावं. पहिलं वाचन शब्दकोशाविना, फक्त पेन्सिलची रेघ. दुसऱ्या वाचनात पानामागे पाचच शब्द निवडायचे, बाकीचे सोडून द्यायचे.

लक्ष्य_सी-वन

विरोध आहे, आणि कारणं परीक्षेतलीच आहेत. डाल्फ सी-वनच्या (बी-टूच्या पुढच्या पातळीच्या परीक्षेच्या) लेखी भागात दोन-तीन मजकुरांचं साधारण २२० शब्दांत संकलन करायचं असतं, त्यानंतर २५० शब्दांचा युक्तिवाद. अख्ख्या परीक्षेचे गुण १००, पास व्हायला ५०, आणि चारही भागांत २५पैकी किमान ५. तिथे 'नेआँमवँ' (तरीही), 'आँ रव्हाँश' (उलटपक्षी), 'दोताँ प्ल्यू क' (विशेषतः कारण) असे जोडशब्द आणि कामगार, पर्यावरण, आरोग्य या विषयांची शब्दावली लागते. व्हर्नकडे काय मिळणार? पाकबो (प्रवासी बोट), स्टीमर, हत्तीचा हौदा. दीडशे वर्षांपूर्वीच्या बोटीचे भाग पाठ करून संकलन लिहिता येत नाही.

तोच वेळ वर्तमानपत्रातल्या दोन संपादकीयांना द्या. एकाच प्रश्नावरची दोन विरुद्ध मतं घ्या, प्रत्येकातले जोडशब्द अधोरेखित करा, वर्तमानपत्र मिटून दोन्हींचा सारांश लिहा. परीक्षेत नेमकं हेच करायचं असतं.

शब्दवेडी

लक्ष्य, जोडशब्दांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सी-वन म्हणजे फक्त जोडशब्द नाहीत. बारीक छटांची क्रियापदं कादंबरीतच मिळतात. 'म्हणाला' यासाठी संपादकीयात दोन-तीन क्रियापदं फिरत राहतात. कादंबरीत ग्रोमले (पुटपुटणं), बाल्ब्युसिए (अडखळत बोलणं), सेक्रिए (एकदम उद्गारणं) असे वीस प्रकार भेटतात, आणि प्रसंगामुळे फरक आपोआप कळतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि धागाकर्त्यांनी ती सांगितली नाही : पासे सँप्ल. हा भूतकाळ बोलण्यात जवळजवळ नाही, कादंबरीत मात्र ओळीओळीला आहे. मुलं शब्द अडला समजून कोश उघडतात, आणि अडलेलं असतं क्रियापदाचं रूप. 'इल व्ही' पाहा. वर्तमानकाळात 'तो जगतो', पासे सँप्लमध्ये 'त्याने पाहिलं'. लिहिणं तेच, उच्चार तोच. 'इल द्यूर' म्हणजे 'ते टिकतात', आणि 'त्यांना करावं लागलं' हेही. सगळ्यात घातक जोडी : 'इल स त्यूर' म्हणजे ते गप्प झाले, 'इल स त्युएर' म्हणजे त्यांनी स्वतःला किंवा एकमेकांना ठार मारलं. एका स्वराने कथा उलटते.

म्हणून पहिला आठवडा पुस्तकाला हात न लावता एत्र, आव्हवार, फेर, व्हवार, व्हनीर, दव्हवार अशा पंधराएक क्रियापदांची तृतीयपुरुषी रूपं पक्की करा. तेवढ्याने निम्मी अडचण जाते. एवढंही नको असेल तर आल्बेर काम्यूची १९४२ची कादंबरी 'लेत्राँजे' घ्या. ती बहुतांशी पासे कोंपोझेत सांगितलेली आहे, म्हणजे तुमच्या ओळखीच्या भूतकाळात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हा प्रताधिकाराचा भारतातला नियम, काम्यू १९६०ला गेला, त्यामुळे २०२१पासून इथे तीही हक्कमुक्त आहे. फ्रान्समध्ये अजून नाही.

बर्डीचा_वाचक

माझा आक्षेप कादंबरीवर नाही, गटावर आहे. पाच जण, पाच वह्या, पाच याद्या, आणि प्रत्येकाने इंटरनेटवरून इंग्रजी अर्थ उतरवलेला. त्यातून एव्हाँत्युएलमाँचा अर्थ 'अखेरीस' होतो, असतो 'जमल्यास'. आक्त्युएलमाँ 'खरं तर' होतं, असतं 'सध्या'. साँसिब्ल 'समंजस' होतं, असतं 'संवेदनशील'. एकाची चूक पुढच्या आठवड्यात पाचही वह्यांत असते, कारण तपासणारा कोणीच नाही.

आणि बसणार कुठे? अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण तिथे आवाज काढता येत नाही. मुकाट वाचलं तर ओ-द्स्यू (वर) आणि ओ-द्सू (खाली) यांतला फरक कानाला कळतच नाही. मग गट काहून करायचा? एकट्याने घरी मोठ्याने वाचलेलं बरं.

धरमपेठकर

बर्डीचा_वाचक, इंग्रजीचा मुद्दा एकदम बरोबर, आणि त्यावर उपाय आहे. यादी पाच नाही, एकच, आणि तिची मालकी दर आठवड्याला एकाकडे. अर्थ आधी 'ल रोबेर'सारख्या फ्रेंच-फ्रेंच कोशातून घ्यायचा, मग मराठीत लिहायचा. इंग्रजी मधे आणायचंच नाही. दुसऱ्या एकाचं काम फक्त तपासणीचं.

यादीतल्या प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं. पुढच्या बाजूला कादंबरीतलं अख्खं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा. मागे शब्द, मराठी अर्थ आणि लिंग. लिंगासाठी 'अँ' (पुल्लिंगी) किंवा 'य्युन' (स्त्रीलिंगी) लिहाच. 'लेलोज' (स्तुती) आणि 'लेस्पेस' (जात, प्रकार) दोन्ही 'ल' या उपपदाला चिकटतात, त्यामुळे पहिला पुल्लिंगी आणि दुसरा स्त्रीलिंगी हे दिसतच नाही. लिंग चुकलं तर काय होतं, याचं उदाहरण व्हर्नच्या शीर्षकातच आहे : ल तूर म्हणजे फेरी, ला तूर म्हणजे मनोरा. उजळणी १, ३, ७ आणि १६व्या दिवशी.

जागेचं म्हणाल तर सकाळी अंबाझरी तलावाच्या काठाला बसा. मोठ्याने वाचायला कोणी अडवत नाही. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत उरका.

शब्दवेडी

एक भर. पुस्तक झेपणारं आहे का, हे आधीच मोजा. मधलं कोणतंही पान उघडा, २५० शब्द मोजा. पाचच्या आसपास अनोळखी निघाले तर पुस्तक योग्य. वीस निघाले तर ते वाचन होत नाही, कोशाची पानं उलटणं होतं. तेव्हा लाजू नका, पुस्तक बदला.

लक्ष्य_सी-वन

पानाची मोजणी आणि एकच यादी, दोन्ही पटलं. तरी माझी अट कायम : परीक्षेला तीन महिने उरले असतील तर कादंबरी कपाटात. सहा महिने किंवा जास्त असतील तर वाचा, पण प्रत्येक प्रकरणानंतर पाचही जणांनी एकेक परिच्छेद लिहावा : फॉगचा हा निर्णय बरोबर की चूक, किमान तीन जोडशब्द वापरून. हत्ती अवाच्या सवा किमतीला घेतो ते प्रकरण यासाठी छान आहे, तिथे दोन्ही बाजूंनी भांडता येतं.