मांजर सारखं शिंकतंय, डॉक्टरकडे कधी न्यावं?

इंदिरानगरची मृणाल: आमची चिंगी दोन वर्षांची. परवापासून एकामागून एक शिंका देतेय. नाकातून पाणी, डावा डोळा चिकटलेला, खाणं कमी झालंय. नुकतंच कॉलनीतलं एक पिल्लू घरी आणलं. सासूबाई म्हणतात, त्याचीच सर्दी लागली, सोडून ये त्याला. काय करू?

सिडकोकर: घरात धूप किंवा मच्छर अगरबत्ती लावता का? आमच्या बोक्याच्या शिंका धूप बंद केल्यावर थांबल्या.

पंचवटीची आत्या: धुराने शिंका येतात हे खरं, पण एकच डोळा चिकटलाय म्हणजे हे सर्दीचंच लक्षण वाटतं. मांजरांची सर्दी बहुतेक वेळा हर्पिस नाहीतर कॅलिसी विषाणूची असते. माणसांना ती लागत नाही. मृणाल, पिल्लाला सोडू नकोस गं. हर्पिस एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. घरात नवं मांजर येणं हाही ताणच. म्हणजे दुखणं चिंगीचं जुनंही असू शकतं. सध्या दोघांच्या खोल्या आणि वाट्या वेगळ्या ठेव, म्हणजे झालं.

मी शिंकांपेक्षा वाटीकडे जास्त बघते. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नाही तर मांजर तोंड लावत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. उकडलेलं चिकन किंवा मासा कोमट करून दे, वास सुटतो. मीठ-मसाला, कांदा-लसूण अजिबात नको. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पूस.

आणि हात जोडून सांगते, घरातली पॅरासिटामॉल देऊ नकोस. एका गोळीनेही मांजर दगावतं. बाम, कापूर, निलगिरीही लांब ठेव.

डोळा चिकटलाय म्हणून चिंगीला उद्याच ने. हर्पिसने बुबुळावर जखम होते, तेव्हा घरातले जुने ड्रॉप्स मनाने घालू नकोस. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड, रक्त, एकाच नाकपुडीतून स्राव किंवा दिवसभर अन्नाला न शिवणं, यातलं काही दिसलं तरी थांबायचं नाही. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर रात्र असली तरी निघ.

इंदिरानगरची मृणाल: उद्या सकाळीच नेते, आत्या. पिल्लालाही सोबत नेऊ का?

पंचवटीची आत्या: ने, पण वेगळ्या बास्केटमध्ये. त्याच्या ट्रायकॅट लशीचंही विचारून घे. लशीने सर्दी पूर्ण टळत नाही, पण जोर कमी राहतो.