उडण्यावर आम्हीपण हसलो होतो

क्राउचिंग टायगर हिडन ड्रॅगन या चिनी सिनेमात माणसं उडायला लागली की थेटरात लोक फिदीफिदी हसतात असं कोणीतरी म्हटलं, माझाही सेम अनुभव. माझा मित्र ढिशुम ढिशुम बघायला आलेला, सुरुवातीला नुसती बोलाचाली, समोसा संपवून त्याचं "अरे मारामारी कधी" सुरू. मग रात्री तलवार चोरीला जाते, नायिका मिशेल योह चोरामागे छपरांवरून पळते, मागे फक्त ढोल... आधी हसला आणि मग गडी एकदम गप्प, चटणीचा कागद हातात तसाच.

बाकी ते उडणं दिग्दर्शक ॲंग लीने काढलेलं नाही हो, वूशिया म्हणजे चिनी तलवारबाज वीरांच्या कथांमध्ये ते जुनंच आहे, तिकडच्या लोकांना आपल्याकडे मारुती उडतो तितकं नॉर्मल. नटांना तारांवर लटकवायचं आणि तारा नंतर कॉम्प्युटरवर पुसायच्या, ॲक्शन युएन वू-पिंगची, त्यानेच १९९९ च्या मॅट्रिक्सची केलेली. पण बांबूच्या शेंड्यावरची फाईट मोठ्या पडद्यावरच बघावी, टीव्हीवर नुसतं हिरवं हिरवं दिसतं.

बाहेर आल्यावर मित्राने पार्किंगच्या कठड्यावरून उडी मारली, चप्पल तुटली.