‘द साउंड ऑफ म्युझिक’ची जुनी एलपी घरात असताना नवा संग्राहक-संच घ्यावा का?

लाकडी_पेटी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. १९६५ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतपटाच्या गाण्यांची एलपी माझ्या वडिलांनी कॉलेजात असताना घेतली होती आणि ती अजून आमच्याकडे आहे. कव्हरचा कणा उसवला आहे, आणि ‘डू-रे-मी’ या गाण्यात एका ठिकाणी सुई इतक्या नेमाने उडी मारते, की चित्रपट पाहतानाही आम्ही भावंडे त्या जागी मनातल्या मनात ‘टक्’ म्हणतो. २०२३ मध्ये क्राफ्ट रेकॉर्डिंग्जने याच संगीताचा चार सीडी आणि एक ब्लू-रे असा मोठा संच काढला. वर्धापनाच्या निमित्ताने या संगीताच्या आवृत्त्या यापूर्वीही निघाल्या आहेत, त्यामुळे हा नव्या वेष्टनातला जुनाच माल आहे की त्यात खरोखर काही वेगळे ऐकायला मिळते, हे ज्यांनी तो ऐकला आहे त्यांनी कृपया सांगावे. माझा कान सामान्य श्रोत्याचा आहे; मला यंत्रांच्या आकड्यांपेक्षा गाण्यांत रस आहे.

खर्जातला_सा

संच माझ्याकडे आहे, आणि त्याला जुना माल म्हणता येणार नाही. आपल्याकडची एलपी म्हणजे चित्रपटाचे संपूर्ण संगीत नव्हे, तर नीली प्लम या निर्मात्याने आरसीए व्हिक्टरसाठी त्यातून निवडून, दोन बाजूंत बसेल असे रचलेले संकलन आहे. गच्चीवर नायिका मारिया आणि मुलांचा बाप कॅप्टन ज्या लेंडलर नृत्यात प्रथम एकमेकांकडे नीट पाहतात, ते त्या एलपीत नाहीच; वास्तविक ती चाल म्हणजे बाहुल्यांच्या खेळातल्या ‘द लोनली गोटहर्ड’ या गाण्याचेच संथ रूप आहे, आणि अर्विन कोस्टल यांनी वाद्यमेळात ती कशी उलगडली आहे हे सलग ऐकल्यावरच कळते. नव्या संचासाठी माइक मॅटेसिनो यांनी मूळ मल्टिट्रॅक, म्हणजे गायन आणि वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतलेल्या, ध्वनिमुद्रणांवरून पुन्हा मिश्रण केले असून, गाण्यांच्या मधले पार्श्वसंगीत, गाण्यांचे केवळ वाद्यमेळाचे ट्रॅक आणि वगळलेले टेक, म्हणजे न वापरलेली ध्वनिमुद्रणे, हेही त्यात आहे.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटला तो कॅप्टनची भूमिका करणाऱ्या क्रिस्टोफर प्लमर यांचा गाता आवाज. चित्रपटात आणि जुन्या एलपीत कॅप्टनचे गाणे बिल ली यांनी गायले आहे, हे अनेकांना आजही ठाऊक नसते. प्लमर यांनीही ती गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती या संचात प्रथमच बाहेर आली. आवाज तयारीचा नाही आणि लांब स्वरावर तो डळमळतो, हे खरे. पण मुलांपुढे गाताना संकोचणारा बाप त्यातच अधिक दिसतो, असे माझे मत आहे.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे पार्श्वगायिकेचे नाव पुष्कळदा नायिकेपेक्षा मोठे असते, तिकडे मात्र ते दडवण्याची रीत होती. ‘द किंग अँड आय’, ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘माय फेअर लेडी’ या तिन्ही चित्रपटांत नायिकेसाठी गायलेल्या मार्नी निक्सन ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये सिस्टर सोफिया म्हणून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात.

तबकडीवेडा

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु ‘संपूर्ण’ या शब्दाला भुलू नये एवढे सांगावेसे वाटते. पुनर्प्रकाशनाची किंमत त्यातल्या गाण्यांच्या संख्येवर ठरत नाही, ते कशावरून केले आहे यावर ठरते. १९९५ पासून ऱ्हाइनो या ध्वनिमुद्रिका कंपनीने एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओच्या जुन्या संगीतपटांच्या ज्या सीडी काढल्या, त्यांचे महत्त्व याच कारणाने आहे. एमजीएममध्ये तिसाच्या दशकाच्या अखेरीपासून वाद्यवृंदासमोर निरनिराळ्या जागी मायक्रोफोन ठेवून त्यांचे ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या फिल्मवर होत असे. हेतू स्टिरिओचा नव्हता, नंतर मिश्रण करताना तोल साधता यावा एवढाच होता. पण जिथे वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली अशी दोन ध्वनिमुद्रणे शिल्लक राहिली, तिथे पुढच्या पिढीला त्यांतून खराखुरा स्टिरिओ मिळवता आला. याउलट मोनो ध्वनिमुद्रणाला प्रतिध्वनी जोडून केलेला खोटा स्टिरिओही बाजारात भरपूर आहे, आणि त्यात गायिका विहिरीत उभी राहून गात असल्यासारखी वाटते.

म्हणून प्रश्नकर्त्यांना सुचवतो, की संच घेतला तरी जुनी एलपी मुळीच मोडीत काढू नये. एलपी ही चित्रपटाची नक्कल नसते, ती स्वतंत्र चीज असते. १९५१ च्या ‘शो बोट’चे उदाहरण पाहा: पडद्यावर एव्हा गार्डनर यांच्यासाठी ॲनेट वॉरन यांचा आवाज वापरला गेला, पण एमजीएमच्या तबकडीवर गार्डनर यांचा स्वतःचा आवाज आहे. अशा वेळी कोणती आवृत्ती ‘खरी’ म्हणायची? मला विचाराल तर दोन्ही, आणि म्हणूनच माझ्या घरातले कपाट बंद होत नाही.

चष्मा_विसरले

मी केवळ व्यवहाराचे लिहिते. परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी असाच एक खोकेबंद संच मागवला होता. तो आला तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता, आतल्या पुस्तिकेवर त्याची वळी उमटली होती, आणि डाकखर्च व सीमाशुल्क धरून हिशेब केला तेव्हा मूळ किमतीचा आकडा फारच गरीब दिसू लागला. मी दोन पत्रे पाठवल्यावर विक्रेत्याने कोपऱ्याचे छायाचित्र मागितले आणि पुढे मौन पाळले. याच ‘साउंड ऑफ म्युझिक’ची दोन सीडींची आणि तीन एलपींची आवृत्तीही निघाली आहे. वगळलेले टेक वारंवार ऐकण्याचा छंद नसेल, तर दोन सीडींवर भागेल. मर्यादित प्रतींच्या संचाबाबत मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नये. प्रती संपल्या की तीच वस्तू दुप्पट भावाने विकायला आलेली मी पाहिली आहे.

लाकडी_पेटी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तुमचे प्रतिसाद वाचून आईला प्लमर यांच्या आवाजाची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे पन्नास वर्षं तो कॅप्टन आपल्याला फसवत होता तर!” त्यामुळे मोठाच संच घ्यायचे ठरले आहे. एलपी अर्थातच राहील, ‘टक्’सकट. आता फक्त कव्हराचा उसवलेला कणा आतून चिकटवण्यासाठी कोणता कागद आणि कोणती खळ वापरावी, म्हणजे पावसाळ्यात त्याला बुरशी येणार नाही, हे जाणकारांनी सांगावे.

तबकडीवेडा

पातळ हातकागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, पट्टी लावल्यावर कव्हर दोन दिवस जड पुस्तकांखाली दाबून ठेवा, आणि तोवर तबकडी आत घालू नका.